मासा ओढतो तेव्हा

हेमिंग्वेचा सान्तियागो मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला तो पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादामुळे. म्हातारा, अथांग समुद्र, प्रचंड मार्लिन आणि शेवटी उरलेला सांगाडा एवढं बहुतेकांना आठवतं. मला त्या कादंबरीतली एक साधी कृती फार मोलाची वाटते. मासा गळाला लागल्यावर म्हातारा दोरी होडीला बांधत नाही. ती पाठीवरून घेतो, मुठीत धरतो आणि मासा जोर करील तेव्हा सोडायची तयारी ठेवतो. होडीला पक्की बांधलेली दोरी एका हिसक्यासरशी तुटली असती. पाठीवरची दोरी तुटायच्या आधी सरकते, हातांची सालटी काढते, पण मासा जात नाही.

कादंबरी १९५२ची. त्याच्या सोळा वर्षं आधी, एप्रिल १९३६च्या 'एस्क्वायर' मासिकात हेमिंग्वेने क्युबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची हकीकत लिहिली होती. एकट्याने होडीतून गेलेल्या त्या कोळ्याला मार्लिन लागला आणि माशाने होडीच खोल समुद्रात ओढत नेली. दोन दिवसांनी साठ मैलांवर तो इतर कोळ्यांना सापडला. माशाचा बराचसा भाग तोवर शार्कनी खाल्ला होता.

लहान होडी आणि तिच्याहून ताकदवान मासा, यांच्यातला हा झगडा आज जगभरचे हौशी मच्छीमार कयाकवरून करतात. कयाक म्हणजे तीन-चार मीटर लांबीची, पाऊण-एक मीटर रुंदीची, एका माणसाची होडी. इंजिन नाही, कठडा नाही, उभं राहायला धड जागा नाही. मोठ्या बोटीवर मासा लागला की कप्तान बोट मागेपुढे घेतो, दुसरा कोणी आकडी घेऊन तयार राहतो, मासा धरणारा कमरेला पट्टा बांधून पाय रोवतो. कयाकवर यातलं काहीच नसतं. तरीही माणसं तिच्यावरून स्वतःच्या वजनाएवढे मासे पकडतात. माशाला थकवण्याचं बहुतेक काम होडीभोवतीचं पाणी करतं, म्हणून हे शक्य होतं. पाण्याला ते काम करू देणं, हीच या खेळातली सगळी विद्या आहे.

ही विद्या जिथे पिकली त्या जागांपैकी एक म्हणजे कॅलिफोर्नियात सॅन डिएगो शहराचा ला होया हा किनारा. वर बसून चालवायची कयाक याच राज्यातली. १९७०च्या दशकात टिम नीमियर याने मालिबूच्या किनाऱ्यावर तशा होड्या घडवायला सुरुवात केली. तिच्या तळाला आरपार भोकं असतात, त्यामुळे आत आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तर बुडत नाही. सरळ करून पुन्हा वर चढता येतं. या एका सोयीमुळे कयाक मासेमारीच्या कामाची झाली. ला होयाला आणखी एक नैसर्गिक देणगी आहे. समुद्रतळातली खोल दरी इथे किनाऱ्याच्या अगदी जवळ येते. तिच्या बाजूला जायंट केल्प या समुद्री वनस्पतीचं रान आहे, तळापासून पृष्ठभागापर्यंत वाढलेलं. बाकीच्या किनाऱ्यांवर ज्या माशांसाठी बोटीने कित्येक मैल जावं लागतं, ते इथे वल्ह्याच्या टप्प्यात येतात. दहा-पंधरा किलोंचा यलोटेल, त्याहून मोठा व्हाइट सीबास आणि कधी थ्रेशर शार्क. २०१२ पासून या किनाऱ्याचे काही पट्टे पूर्ण राखीव आहेत. तिथे गळ टाकता येत नाही.

पहाटे अंधारातच कयाक वाळूवरून लाटांत ढकलल्या जातात. आधी बारीक गळांच्या माळेवर जिवंत बांगडे पकडायचे, ते पाण्याच्या टाकीत जपायचे आणि मग एक बांगडा गळाला लावून केल्पच्या कडेकडेने हळू वल्हवत राहायचं. यात तासन्‌तास जातात. मग रीळ किंचाळतं.

त्यापुढच्या पहिल्या दहा सेकंदांत काय होतं, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. रिळाला ब्रेक असतो, त्याला ड्रॅग म्हणतात. ठरावीक जोराने ओढलं की तो दोरी सोडतो. समजा दोरी तीस पौंडी आहे, म्हणजे साधारण साडेतेरा किलोंना तुटणारी. अनुभवी माणूस ड्रॅग तिच्या पाव ते एक तृतीयांश ताकदीवर लावतो, म्हणजे साडेतीन ते साडेचार किलो. हे अंदाजाने करत नाहीत. घरून निघतानाच दोरीला स्प्रिंगचा काटा अडकवून, ओढून मोजतात. उरलेली ताकद गाठीसाठी, हिसक्यासाठी आणि पाण्यात पसरलेल्या दोरीवर येणाऱ्या ताणासाठी राखलेली असते.

आता होडीकडे पाहू. कयाक, माणूस आणि सामान मिळून सव्वाशे-दीडशे किलो भरतं. साडेचार किलोंची ओढ या वजनाला क्षणात हलवू शकत नाही. म्हणून मासा लागताच आधी दोरी भराभर जाते आणि होडी जागच्या जागी राहते. पाच-दहा सेकंदांत होडी वेग घेते. मग दोरी सुटणं मंदावतं, कधी पूर्ण थांबतं आणि मासा माणसासकट होडी ओढू लागतो. ओढ तेवढीच असते. पण आता तिच्या दुसऱ्या टोकाला हलणारी, पाणी कापणारी वस्तू आहे. मासा थांबला की होडी त्याच्यावर तरंगत येते. मोठ्या बोटीवर मासा शंभर मीटर पळाला तर ते शंभर मीटर पुन्हा रिळावर भरावे लागतात. इथे होडीच त्याच्यामागे जाते, त्यामुळे परत भरायची दोरी फार थोडी असते. म्हणून छोट्या रिळावरही मोठा मासा निभतो.

नवखा माणूस इथे हमखास एक गोष्ट करतो. दोरी जाताना पाहून घाबरतो आणि ड्रॅग आवळतो. वास्तविक रिळावरची दोरी कमी होत जाते तसा ड्रॅग आपोआपच कडक होतो, कारण उरलेल्या गुंडाळीची त्रिज्या लहान झालेली असते. त्रिज्या निम्मी झाली की त्याच ब्रेकवर ओढ दुप्पट लागते. साडेचार किलोंवर लावलेलं रीळ नऊ किलोंवर पोचलेलं असतं आणि त्यात वरून आणखी आवळलं की दोरी तुटलीच. या क्षणी रिळाला हात न लावणं हेच कौशल्य.

होडीची दिशा ही त्यापुढची गोष्ट. रॉड नाकाच्या दिशेने धरला की कयाक वळून माशाकडे तोंड करते आणि सरळ त्याच्यामागे जाते. लांबोडक्या आकारामुळे पाणी सहज कापलं जातं, होडी स्थिर राहते, उलटायची भीती कमी. पण माशाला ओढायला ती हलकीही जाते. मासा केल्पकडे निघाला असेल, किंवा अंतर फार वाढत असेल, तर रॉड हळूहळू बाजूला न्यायचा. होडी आडवी होते, तिची सगळी लांबी पाण्याच्या विरोधात येते आणि ओढणं एकदम जड होतं. कसलेली माणसं दोन्ही पाय एका बाजूला पाण्यात सोडून बसतात; पायांचाही अटकाव होतो. दोरीची ताकद तीच, ड्रॅग तोच, पण माशाला पुढे जायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त कष्ट पडतात. गिअर बदलल्यासारखं हे रॉडच्या नुसत्या कोनाने करता येतं.

आडवं होण्यात धोका आहे. ओढ साडेचार किलोंची आणि रॉडचा बाक पाण्यापासून मीटरभर उंच धरला, तर होडी उलटवू पाहणारा जोर किती? ऐंशी किलोंचा माणूस विरुद्ध बाजूला पाच-सहा सेंटिमीटर सरकला की तो तोलता येतो. म्हणजे कमरेतून जेमतेम चार बोटं सरकायचं आहे. ऐकायला सोपं वाटतं. पण मासा एका क्षणात गळातून सुटतो किंवा दोरी तुटते, तेव्हा तोलायला समोर काहीच उरत नाही आणि माणूस विरुद्ध बाजूला पाण्यात पडतो. कयाक उलटण्याचे कितीतरी प्रसंग मासा असताना घडत नाहीत, तो गेल्यावर घडतात. म्हणून खांदे होडीच्या मध्यरेषेवर ठेवून फक्त ढुंगण सरकवायचं, असं शिकवतात. डोकं होडीच्या बाहेर गेलं की शरीर त्याच्यामागे जाणारच.

पळून दमलेला मासा मग खाली जातो. ट्यूना जातीचे मासे, आपल्याकडे ज्यांना कुप्पा म्हणतात ते, या टप्प्यात होडीखाली गोल गोल फिरू लागतात. होडीला आता ओढून न्यायला कोणी नाही, त्यामुळे पाण्याची मदत संपली आणि सगळा भार पाठीवर आला. इथे रॉडचं गणित कळायला हवं. दोन मीटरचा रॉड आणि हात बुडापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर टोकाशी आडवे लागलेले साडेचार किलो हाताला अठरा किलो होऊन जाणवतात. रॉड फार उंच नेला तर टोकाशी मोडण्याची भीती. म्हणून रॉड खाली, आडव्याच्या जरासा वर ठेवायचा आणि तिथेच छोट्या छोट्या उचली घ्यायच्या. वीतभर उचल, तेवढीच दोरी भर, पुन्हा उचल. मासा फेरीत आपल्याकडे येत असतो तेव्हाच दोरी मिळते. तो दूर जात असताना नुसतं धरून राहायचं. फेरी मारत तो होडीच्या नाकाखालून दुसऱ्या बाजूला जातो, तेव्हा रॉडचं टोक नाकापलीकडून फिरवता यायला हवं. पायडलवाल्या कयाक इथे उपयोगी पडतात. १९९७ साली होबी कंपनीने पायांनी चालणारी मिराज ड्राइव्ह आणली आणि मासा झुंजत असताना हात मोकळे ठेवून होडी हलवणं शक्य झालं. केल्पपासून दूर नेणं तर त्यामुळे फारच सोपं झालं.

केल्पमध्ये घुसलेल्या यलोटेलचं काय करायचं, यावर ला होयाच्या मच्छीमारांचा अनुभव ऐकण्यासारखा आहे. जोर लावला तर दोरी वेलींत आणखी अडकते. विणलेली दोरी मात्र केल्प कापते. ताण कायम ठेवून वाट पाहिली तर ती करवतीसारखी एकेक देठ कापत जाते. काही जण उलट करतात. दोरी अगदी सैल सोडतात. ओढ थांबली की मासा कधी कधी आल्या वाटेने आपणच बाहेर येतो.

माणूस होडीत बसून आपल्याहून मोठ्या प्राण्याशी झगडतो, हे कयाकइतकंच जुनं आहे. ग्रीनलंडच्या इन्युइट शिकाऱ्यांची कयाक होती ती सील आणि त्याहून मोठ्या प्राण्यांसाठी. फेकलेल्या हारपूनचं पातं दांड्यापासून सुटून कातड्याखाली आडवं अडकतं. त्याला बांधलेली दोरी शिकाऱ्यापुढच्या तबकात गुंडाळून ठेवलेली असते आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला, पाठीमागे, अख्ख्या सीलच्या कातड्याचा हवा भरलेला फुगा असतो. त्याला अवताक म्हणतात. हारपून लागताच शिकारी तो फुगा पाण्यात फेकतो. प्राणी फुगा ओढत पळतो, फुग्याला खाली नेता नेता दमतो. कयाकला त्याची ओढ लागत नाही. दोरी होडीला अडकली तर मात्र होडी उलटते. उलटलेली कयाक आत बसल्या बसल्या सरळ करण्याच्या असंख्य पद्धती ग्रीनलंडमध्ये तयार झाल्या, त्यामागे ही भीती आहे. आजही तिथल्या राष्ट्रीय स्पर्धांत वल्ह्याने, भाला फेकायच्या फळीने, नुसत्या हाताने होडी सरळ करून दाखवावी लागते.

पापुआ न्यू गिनीतल्या न्यू आयर्लंड बेटावर कोंटू गावचे लोक शार्क धरतात तेही असंच. नारळाच्या करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवून ते शार्कला होडीजवळ बोलावतात, डोक्यावरून फास सरकवतात. फासाला लाकडाचा पंख्यासारखा तरंगता तुकडा बांधलेला असतो. शार्क ओढतो तसा फास आवळतो आणि तो तुकडा पाण्याला अटकाव करत त्याला थकवतो. डेनिस ओरूर्क यांनी १९८२ साली या लोकांवर माहितीपट केला. आणि एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन व्हेल मारणारे? त्यांनी दोरी होडीतल्या खुंटाला वळसे घालून सोडली. व्हेल ओढू लागला की घर्षणाने खुंट धुमसायचा, त्यावर पाणी मारावं लागायचं. सहा माणसांची होडी लाटांवरून फरफटत जायची. त्याला ते नँटकेटची घसरगाडी म्हणत. नाकाशी कुऱ्हाड ठेवलेली असे, दोरी तोडायला.

ग्रीनलंडच्या फुग्याचं काम आजच्या कयाकवर होडीच करते. व्हेलवाल्यांच्या खुंटाचं काम रीळ करतं आणि कुऱ्हाडीच्या जागी छातीशी अडकवलेली सुरी असते. बसल्या बसल्या, कुठल्याही हाताने काढता येईल अशी. म्हणूनच रॉडला आणि वल्ह्याला होडीशी बांधणारी सगळी दोरी आखूड हवी, पायात येणारी एकही नको. स्वतःला पट्ट्याने रिळाशी बांधून घेणं, जे मोठ्या बोटीवर सर्रास करतात, ते इथे कधीच करू नये.

सगळ्यात अवघड टप्पा शेवटचा. मासा होडीशेजारी आला म्हणजे तो दमला असं नाही. घाईने आकडी मारली की तो शेवटचा जोर करतो आणि त्या वेळी दोरी फक्त हातभर उरलेली असते. म्हणून ड्रॅग थोडा सैल करायचा. त्याचं डोकं होडीच्या दिशेने आहे, तो कुशीवर झाला आहे, हे पाहायचं. गळाजवळची जाड दोरी धरायची, पण हाताला कधीच गुंडाळायची नाही. आकडी जबड्याखाली, मग मासा मांडीवर ओढायचा. पाय पाण्यात सोडलेले असतील तर तोल सांभाळला जातो. शार्क असेल तर होडीवर घेण्याचा विचारच करू नये. थ्रेशरची शेपटी त्याच्या अंगाच्या जवळजवळ निम्म्या लांबीची असते आणि तो तिने भक्ष्याला झोडपतो. गळाजवळ दोरी कापावी, होडीपासून दूर.

जो मासा सोडायचा आहे त्याच्या बाबतीत मला फार वाटतं ते हे. लांबलेली झुंज त्याच्या अंगात लॅक्टिक आम्ल साठवते आणि सोडलेला मासा दिसेनासा झाला तरी पुढे मरू शकतो. हलक्या दोरीवर तासन्‌तास झुंज देण्यात कोणी पराक्रम पाहत असेल, तर तो माशाच्या जिवावर मिळवलेला आहे. हेतू सोडण्याचा असेल तर दोरी दणकट हवी आणि गळ वर्तुळी, म्हणजे तो जबड्याच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. सोडण्याआधी मासा पाण्यातच ठेवून होडी हळू पुढे न्यावी, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहतं. उत्तर नॉर्वेत स्वीडनच्या जोएल अब्राहमसन याने कयाकवरून ग्रीनलंड शार्क ओढून वर आणला होता. त्याचं वजन साडेपाचशे किलोंच्या पुढे असल्याचा अंदाज झाला. त्या झुंजीच्या बातम्या मी वाचल्या तेव्हा आकड्यापेक्षा मला मोलाचं वाटलं ते शार्कला सोडून दिलं हे.

कोकणात आणि गोव्यातही हौशी लोक आता कयाकवरून गळ टाकू लागले आहेत. आपल्या माशांना ही विद्या कशी लागू पडते? सुरमई पृष्ठभागाजवळून आडवी, सुसाट पळते. ती ओढू लागली तर होडीने खुशाल तिच्यामागे जावं. तिचे दात तंगूस सहज कापतात, म्हणून गळाजवळ तार हवी. गोब्रा अगदी उलट, लागताक्षणी कपारीत शिरतो. त्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत अडवलं नाही तर मासा गेला. इथे ड्रॅग जवळजवळ पूर्ण आवळूनच गळ सोडावा लागतो आणि होडी आडवी हवी. कपारी-कातळ असलेल्या मालवणच्या समुद्रात १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आहे, त्याच्या हद्दी निघण्यापूर्वी पाहाव्यात. व्हेल शार्कला २००१ पासून कायद्याने संरक्षण आहे. तो दिसला तर वल्हं थांबवून बाजूला राहावं. पावसाळ्यात, समुद्र खवळलेला असताना कयाक पाण्यात नेण्याचा विचारच नको. या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या लहान होडीतून एकट्याने गरवणारे कोळी, गाबीत आहेत. पाण्याची ओढ कुठे, कुठल्या तिथीला किती, वारा दुपारी कुठून फिरतो, हे त्यांना विचारल्याशिवाय निघू नये. कयाक विकणारा हे सांगू शकत नाही.

मासा किती लांब ओढत नेईल याचा अंदाज आधी करता येत नाही आणि तेवढंच अंतर दमलेल्या हातांनी परत वल्हवायचं असतं. बहुतेक वेळा वाऱ्याविरुद्ध. ला होयात म्हणून मासा लागल्यावर लोक किनाऱ्यावरची एखादी खूण आणि घड्याळ बघून ठेवतात. ठरवलेल्या वेळेला मासा दमला नाही तर दोरी कापतात. वॉटरप्रूफ रेडिओ अंगावर हवा, होडीत नाही, कारण होडी आणि माणूस वेगळे झाले तर रेडिओची गरज माणसाला आहे. लाइफ जॅकेटचंही तेच.

शेवटी लाटांतून किनाऱ्याला लागायचं. मासा नाकाकडे ठेवला तर होडीचं तोंड पाण्यात खुपसतं आणि लाट तिला आडवी करते. म्हणून तो मध्यावर किंवा मागे बांधायचा. रॉड आडवे करून, गळ काढून, सगळं आत बंद करायचं. लाटेच्या पाठीवरून यायचं, तिच्या पुढे नाही. उतरताना समुद्राच्या बाजूला उतरायचं, कारण किनाऱ्याच्या बाजूला उतरलं तर पुढची लाट भरलेली कयाक पायांवर आणून आपटते. मग गोड्या पाण्याने रीळ धुवायचं, ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवायचा, म्हणजे आतल्या चकत्या दबून राहत नाहीत. पुढच्या वेळी निघताना काटा लावून तो पुन्हा मोजायचा.